नाव आणि जागा: युनिक्सपासून लिनक्सपर्यंत वैयक्तिक फाइलींच्या मांडणीचा इतिहास

संगणकावर साठवलेल्या प्रत्येक फाइलीविषयी दोन वेगळे प्रश्न विचारता येतात: ती कोणत्या नावाने ओळखली जाते, आणि ती प्रत्यक्षात कोणत्या डिस्कवर आहे. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालवणाऱ्या आजच्या घरगुती संगणकात बहुधा एक लहान पण वेगवान सॉलिड स्टेट ड्राइव्ह, एक मोठी फिरती हार्ड डिस्क आणि अधूनमधून जोडला जाणारा एखादा बाह्य ड्राइव्ह असतो. तरीही वापरणाऱ्यासमोर येते ती एकाच मुळापासून फुटत गेलेली डिरेक्टऱ्यांची सलग रचना, आणि तिच्यातील फाइलीच्या नावावरून ती या तिघांपैकी कोठे आहे हे सांगता येईलच असे नाही. नाव आणि जागा यांची ही फारकत यंत्राच्या स्वभावातून आपोआप आलेली नाही, तर १९६५ ते १९७४ या दशकात अमेरिकेतील काही संशोधकांनी घेतलेल्या निर्णयांतून ती घडली. त्या निर्णयांमुळे माणसाला आपल्या फाइली अर्थानुसार लावण्याचे स्वातंत्र्य मिळाले, पण जागेचा विसर पडण्याचा धोकाही त्यांच्याबरोबरच आला, आणि पुढच्या अर्धशतकातील बहुतेक सुधारणा या दोहोंचा तोल सांभाळण्याच्या प्रयत्नांतून झाल्या.

या विचाराचा उगम मल्टिक्स या प्रकल्पात सापडतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, बेल लॅबोरेटरीज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून हाती घेतलेल्या या प्रकल्पात एकाच मोठ्या संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे असे अभिप्रेत होते. त्या काळापर्यंत बहुतेक लोक आपली माहिती छिद्रे पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यांत किंवा चुंबकीय फितींवर ठेवत. फाइल ही हातात धरता येणारी वस्तू होती आणि तिची मांडणी म्हणजे कपाटाची मांडणी होती. १९६५ मध्ये रॉबर्ट डेली आणि पीटर न्यूमन यांनी मल्टिक्सच्या फाइल सिस्टिमविषयी, म्हणजे साठवणीवर फाइलींची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेविषयी, जो शोधनिबंध सादर केला त्यात दोन दूरगामी कल्पना होत्या. पहिली अशी की डिरेक्टरीमध्ये केवळ फाइलीच नव्हे तर दुसऱ्या डिरेक्टऱ्याही असाव्यात, जेणेकरून एका मुळापासून हवा तितका खोल वृक्ष वाढत जाईल. दुसरी अशी की ज्या फाइलींना फारसा हात लागत नाही त्या यंत्राने स्वतःहून मंद पण स्वस्त साठवणीकडे सरकवाव्यात, वेगवान साठवणीवर रोजच्या कामाच्या फाइलींना जागा ठेवावी, आणि वापरकर्त्याने स्वतः विचारल्याशिवाय या हालचालीची झळ त्याच्यापर्यंत पोहोचू नये. फाइलींच्या सुरक्षित प्रती ठेवण्याची जबाबदारीही त्या आराखड्यात यंत्राकडेच सोपवलेली होती.

बेल लॅबोरेटरीजने १९६९ मध्ये मल्टिक्समधून अंग काढून घेतले, आणि त्याच वर्षी तेथील केन थॉम्प्सन, डेनिस रिची व रड कॅनडे यांनी फळ्यावर आणि टिपणांत एका लहान फाइल सिस्टिमचा आराखडा मांडला. थॉम्प्सनने तो पीडीपी-७ या छोट्या संगणकावर प्रत्यक्षात उतरवला आणि त्यातूनच पुढे युनिक्स घडली. या पहिल्या रूपात डिरेक्टऱ्या होत्या, पण मुळापासून फाइलीपर्यंतचा मार्ग दाखवणारे सलग नाव, ज्याला पुढे पाथ म्हटले जाऊ लागले, ते नव्हते. शिवाय यंत्र चालू असताना नवी डिरेक्टरी तयार करण्याची सोयही नव्हती, कारण कागदी फितीवरून संपूर्ण फाइल सिस्टिम नव्याने उभारतानाच डिरेक्टऱ्या ठरवाव्या लागत. तिरकी रेघ देऊन लिहिला जाणारा पाथ पीडीपी-११ या यंत्रावरील आवृत्तीबरोबर आला, आणि नोव्हेंबर १९७१ मधील युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत तो रूढ झालेला दिसतो.

पीडीपी-११ वरील डिस्कची क्षमता अवघी ५१२ किलोबाइट होती आणि कोणत्याही एका फाइलीला ६४ किलोबाइटची मर्यादा होती. एवढ्या जागेत ऑपरेटिंग सिस्टिम आणि अनेकांच्या वैयक्तिक फाइली मावणे शक्य नसल्याने वापरकर्त्यांच्या डिरेक्टऱ्या दुसऱ्या, काढता-घालता येणाऱ्या डिस्कवर ठेवल्या गेल्या. ही दुसरी डिस्क वेगळी दाखवायची की पहिल्याच वृक्षाचा भाग मानायची, हा प्रश्न येथे उभा राहिला, आणि युनिक्सने दुसरा पर्याय स्वीकारला. माउंट नावाच्या आज्ञेने एका डिस्कवरील संपूर्ण वृक्ष दुसऱ्या वृक्षातील एखाद्या डिरेक्टरीच्या जागी जोडला जाई, आणि यंत्र सुरू होतानाच वापरकर्त्यांची डिस्क ‘/यूएसआर’ या डिरेक्टरीच्या जागी अशी जोडून घेतली जाई. जुलै १९७४ मध्ये रिची आणि थॉम्प्सन यांनी ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात युनिक्सचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यावेळी त्यांच्या यंत्राला १ मेगाबाइटची एक स्थिर डिस्क, प्रत्येकी २.५ मेगाबाइटच्या सुट्या चकत्या घेणारे चार ड्राइव्ह आणि ४० मेगाबाइटच्या डिस्कसंचाचा एक ड्राइव्ह अशी साठवण होती. मूळ डिरेक्टरी स्थिर डिस्कवर आणि लोकांच्या फाइली मोठ्या डिस्क ड्राइव्हवर ही विभागणी त्यांनी त्या लेखातच नोंदवली आहे. सिस्टिम एकीकडे आणि माणसाचे काम दुसरीकडे हा आजही पाळला जाणारा संकेत असा जागेच्या टंचाईतून जन्माला आला.

या एकसंधतेला मात्र एक शिवण होती, आणि ती रिची व थॉम्प्सन यांनी लपवली नाही. युनिक्समध्ये फाइलीची खरी ओळख म्हणजे तिचा आयनोड, म्हणजेच फाइलीचा आकार, मालक आणि डिस्कवरील ठिकाण यांची क्रमांक दिलेली नोंद होय. डिरेक्टरीत केवळ नाव आणि हा क्रमांक यांची जोडी असते, त्यामुळे एकाच फाइलीला अनेक नावे देता येतात. हे क्रमांक प्रत्येक डिस्कवर स्वतंत्रपणे सुरू होत असल्याने एका डिस्कवरील नाव दुसऱ्या डिस्कवरील फाइलीकडे अशा पद्धतीने निर्देश करू शकत नाही, आणि तसा दुवा १९७४ च्या लेखातही निषिद्धच सांगितला आहे. त्याचा परिणाम आजही जाणवतो: एकाच फाइल सिस्टिमच्या आत कितीही मोठी फाइल हलवली तरी फक्त डिरेक्टरीतील नोंद बदलते आणि काम क्षणात होते, पण तीच फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर नेताना तिचा प्रत्येक बाइट वाचून पुन्हा लिहावा लागतो आणि मूळ प्रत नंतर पुसावी लागते.

याच सुमारास लहान संगणकांच्या जगात नेमका उलटा मार्ग रूढ होत होता. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये घडवलेल्या सीपी/एम या सिस्टिममध्ये प्रत्येक ड्राइव्हला एक रोमन अक्षर असे, १९८१ मध्ये आलेल्या एमएस-डॉसने तोच संकेत उचलला, आणि १९८३ मध्ये त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत डिरेक्टऱ्यांचा वृक्ष आला तेव्हाही प्रत्येक अक्षराखाली स्वतंत्र वृक्ष ठेवण्यात आला. फ्लॉपी सतत बदलणाऱ्या यंत्रासाठी ही पद्धत सयुक्तिक होती, कारण कोणती वस्तू यंत्रात आहे हे तेथे माणसालाच ठाऊक असे, आणि फाइल कोठे आहे याविषयी अशा नावाने संदेह उरत नसे. पण सी ड्राइव्ह भरल्यावर फाइली डी ड्राइव्हवर न्याव्या तर त्यांची पूर्ण नावे बदलत आणि त्या नावांवर विसंबलेले सारे दुवे तुटत. युनिक्सच्या पद्धतीत जुनी डिस्क काढून मोठी डिस्क त्याच डिरेक्टरीवर जोडली की फाइलीचे नाव तसेच राहते. दीर्घकाळ टिकणाऱ्या वैयक्तिक संग्रहासाठी या गुणाचे मोल फार मोठे आहे.

वैयक्तिक फाइलींचे घर मात्र युनिक्समध्येही बराच काळ स्थिर नव्हते. ‘/यूएसआर’ खाली वापरकर्त्यांच्या डिरेक्टऱ्यांच्या शेजारी प्रोग्रॅम आणि दस्तऐवजही ठेवले जाऊ लागले, आणि जी डिस्क माणसांसाठी राखली होती ती हळूहळू सिस्टिमचीच होऊन बसली. १९८३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील केंद्रातून आलेल्या ४.२बीएसडी या आवृत्तीने दोन मोठ्या सोयी केल्या. फाइलीच्या नावाची १४ अक्षरांची जुनी मर्यादा २५५ पर्यंत वाढली, आणि सिम्बॉलिक लिंक आली. सिम्बॉलिक लिंक ही एक छोटी फाइल असते जिच्यात दुसऱ्या फाइलीचा किंवा डिरेक्टरीचा पाथ लिहिलेला असतो. ती आयनोडच्या क्रमांकावर अवलंबून नसल्याने डिस्कची सीमा ओलांडू शकते. त्यानंतर सन मायक्रोसिस्टिम्सच्या एनएफएस या व्यवस्थेने दुसऱ्या संगणकावरील डिरेक्टरीही आपल्याच वृक्षात जोडण्याची सोय केली, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस व्यापारी युनिक्स आवृत्त्यांमध्ये ‘/होम’ ही लोकांच्या फाइलींसाठी वेगळी राखलेली डिरेक्टरी स्थिरावली.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये लिनक्सची घोषणा केली तेव्हा हा सारा वारसा तयार होता, पण साठवणीची पायाभरणी तोकडी होती. सुरुवातीला उसनी घेतलेली मिनिक्सची फाइल सिस्टिम ६४ मेगाबाइटपलीकडची जागा वापरू शकत नसे आणि तिच्यात फाइलीचे नाव १४ अक्षरांत बसवावे लागे. एप्रिल १९९२ मध्ये रेमी कार यांच्या एक्सटेंडेड फाइल सिस्टिमने ही मर्यादा २ गिगाबाइटपर्यंत नेली, आणि १९९३ च्या आरंभी आलेल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीने ती ४ टेराबाइटपर्यंत वाढवली. याच काळात कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, व्हर्च्युअल फाइल सिस्टिम हा थर आला. वर एकसारखी आज्ञावली आणि खाली प्रत्येक डिस्कची निरनिराळी साठवणपद्धत अशी या थराची रचना असल्याने लिनक्सची स्वतःची डिस्क, डॉसमधील फ्लॉपी, सीडी आणि जाळ्यावरील दुसरा संगणक हे सगळे एकाच वृक्षाच्या फांद्या होऊ शकले.

वृक्ष एक असला तरी त्याच्या फांद्यांची नावे लिनक्सच्या निरनिराळ्या वितरणांत निरनिराळी होती. १९९३ मध्ये स्वयंसेवकांनी त्यांच्या एकसूत्रीकरणाचे काम हाती घेतले, फेब्रुवारी १९९४ मध्ये पहिला मानक मसुदा प्रसिद्ध झाला आणि पुढे तो फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड या नावाने विकसित होत गेला. त्यात तात्पुरत्या जोडणीसाठी ‘/एमएनटी’, आणि २००४ च्या आवृत्तीपासून सीडी किंवा पेन ड्राइव्हसारख्या सुट्या माध्यमांसाठी ‘/मीडिया’ अशा जागा ठरवून दिल्या गेल्या. ‘/होम’विषयी मात्र हे मानक मुद्दामच मितभाषी राहिले: ती प्रत्येक ठिकाणच्या सोयीने ठरवायची बाब आहे, एवढेच त्याने म्हटले. सिस्टिमच्या फाइलींना काटेकोर शिस्त आणि माणसाच्या फाइलींना संपूर्ण मोकळीक असा हा विभागलेला न्याय होता. त्या मोकळिकीचा सर्वांत फलदायी उपयोग ‘/होम’साठी स्वतंत्र पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा राखलेला भाग, किंवा स्वतंत्र ड्राइव्ह ठेवण्यात झाला, कारण त्यामुळे सिस्टिम पुसून नव्याने बसवली तरी वर्षानुवर्षांचे वैयक्तिक काम जागच्या जागी राहते.

डिस्क स्वस्त आणि अनेक झाल्या तसा जागेचा प्रश्न एका नव्या रूपात परतला. यंत्र सुरू होताना कोणती डिस्क कोठे जोडायची याची यादी बर्कली युनिक्सच्या काळापासून ‘एफएसटॅब’ या छोट्या मजकुराच्या फाइलीत लिहिली जाते, आणि लिनक्समध्ये तेथे डिस्कची ओळख ‘एचडीए’ किंवा ‘एसडीए’ अशा नावांनी दिली जाई. ‘एचडीए’ हे नाव संगणकातील ठरावीक जोडणीवर बसवलेल्या डिस्कला मिळत असे, पण ‘एसडीए’ आणि ‘एसडीबी’ ही नावे सापडण्याच्या क्रमाने मिळत, त्यामुळे यूएसबी ड्राइव्ह आल्यावर आज जी डिस्क पहिली असे ती उद्या दुसरी ठरू लागली. २००३ पासून विकसित झालेल्या यूडेव्ह या व्यवस्थेने डिस्कला तिच्या अंगच्या खुणांवरून ओळखण्याची सोय केली, आणि ऑक्टोबर २००६ मधील उबुंटू ६.१० सारख्या वितरणांनी यूयूआयडीचा, म्हणजे फाइल सिस्टिम तयार होतानाच तिच्यावर कोरल्या जाणाऱ्या १२८ बिटांच्या अनन्य क्रमांकाचा, वापर एफएसटॅबमध्ये सुरू केला. अशा रीतीने जागेलाही स्वतःचे कायमचे नाव मिळाले.

तरीही जोडणी विसरली जाण्याचा धोका राहिलाच. जिच्यावर ड्राइव्ह जोडायचा ती डिरेक्टरी ड्राइव्ह नसतानाही वृक्षात रिकामी उभी असते, आणि त्या अवस्थेत तिच्यात लिहिलेली फाइल गुपचूप मूळ डिस्कवर जाऊन बसते. पुढे ड्राइव्ह जोडला की ती त्याच्या आड झाकली जाते आणि मालकाला ती हरवल्यासारखी वाटते. नाव आणि जागा वेगळी केल्याची ही थेट किंमत आहे, आणि म्हणूनच जाणकार वापरकर्ते जोडणीच्या रिकाम्या डिरेक्टऱ्यांवर लिहिण्याची परवानगी काढून टाकतात, प्रत्येक फाइल सिस्टिमला बोलके लेबल देतात आणि एफएसटॅबमधील प्रत्येक ओळीशेजारी तिचे प्रयोजन लिहून ठेवतात.

दुसरा मार्ग अनेक डिस्क मिळून एकच जागा करण्याचा होता. बर्कलीतील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये रेड ही कल्पना मांडली, जिच्यात अनेक स्वस्त डिस्कवर माहिती अशी विभागली जाते की त्यांपैकी एखादी बिघडली तरी माहिती वाचावी. १९९८ मध्ये हाइन्झ माउएल्सहागेन यांनी लिनक्ससाठी एलव्हीएम लिहिले, ज्यामुळे डिस्कच्या सीमा ओलांडणारे आणि नंतर वाढवता येणारे कल्पित पार्टिशन करता येऊ लागले. सन मायक्रोसिस्टिम्सची झेडएफएस २००५ मध्ये खुली झाली आणि क्रिस मेसन यांनी सुरू केलेली बीटीआरएफएस २००९ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये आली. या दोहोंनी फाइल सिस्टिम आणि डिस्कसमूह यांचे व्यवस्थापन एकाच व्यवस्थेत आणले. येथे एक बाब नीट समजून घेणे आवश्यक आहे: राखीव नोंद न ठेवता दोन डिस्क केवळ एकमेकींना जोडून मोठी जागा केली, तर त्यांतील एक बिघडली तरी संपूर्ण जागा धोक्यात येते. या कारणाने घरगुती संग्रहासाठी अनेक जण प्रत्येक ड्राइव्हवर स्वतंत्र फाइल सिस्टिम ठेवून त्यांच्या डिरेक्टऱ्या वरवर एकत्र दाखवणाऱ्या मर्जरएफएससारख्या साधनाला पसंती देतात, कारण तेथे एका ड्राइव्हचा नाश त्याच ड्राइव्हपुरता राहतो.

अर्थानुसार मांडणीच्या बाजूनेही काही पावले पडली. २००७ पासून ‘/होम’मधील प्रत्येकाच्या डिरेक्टरीत दस्तऐवज, चित्रे, संगीत, चित्रफिती, डाउनलोड अशा ठरावीक डिरेक्टऱ्या आपोआप तयार होऊ लागल्या, आणि त्या प्रत्यक्षात कोठे आहेत हे एका छोट्या मजकुराच्या फाइलीत नोंदवलेले असल्याने चित्रांची डिरेक्टरी मोठ्या हार्ड डिस्कवर नेऊनही बाकीच्या प्रोग्रॅमना ती सापडते. तेच काम सिम्बॉलिक लिंकने, किंवा लिनक्स २.४ पासून उपलब्ध असलेल्या बाइंड माउंटने, म्हणजे वृक्षातील एक डिरेक्टरी दुसऱ्या ठिकाणीही दिसेल अशा जोडणीने साधता येते. १९६५ च्या आराखड्यात कमी लागणाऱ्या फाइली मंद साठवणीकडे सरकवण्याचे काम यंत्राचे होते. आज सॉलिड स्टेट ड्राइव्हवर चालू काम आणि फिरत्या डिस्कवर जुन्या चित्रफिती ही विभागणी घरोघरी माणूस स्वतःच्या हाताने करतो.

फाइलीला आपल्या भाषेत नाव देता येण्याची सोयही याच परंपरेतून आली आणि मराठी वापरकर्त्यांच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. युनिक्सच्या कर्नलला नावातील अक्षरांचा अर्थ कळत नाही. तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून कोणताही बाइट त्याला चालतो. जगातील सर्व लिप्यांसाठी आधी सुचवलेल्या एका संकेतपद्धतीत इतर अक्षरांच्या पोटात तिरक्या रेघेचा बाइट येत असे आणि त्यामुळे पाथ मोडत. सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही पद्धत अशी घडवली की हा बाइट केवळ खऱ्या तिरक्या रेघेसाठीच येतो. या रचनेमुळे १९७१ मधील पाथच्या नियमाला धक्का न लावता देवनागरी नावे त्याच वृक्षात बसू शकली. देवनागरीतील प्रत्येक संकेतचिन्हाला, मग ते व्यंजन असो, मात्रा असो वा हलन्त, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट लागतात, त्यामुळे २५५ बाइटच्या मर्यादेत अशी ८५ चिन्हे मावतात आणि लांबलचक मराठी शीर्षक जसेच्या तसे फाइलीला देताना ही मर्यादा लवकर गाठली जाते.

या इतिहासात नाव आणि जागा या प्रश्नांना जितकी समर्पक उत्तरे मिळाली तितके प्रतीच्या प्रश्नाचे समाधान झाले नाही. रेड डिस्कच्या बिघाडापासून वाचवते, पण चुकून पुसलेली फाइल सर्व डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. बीटीआरएफएसमधील स्नॅपशॉट, म्हणजे एका क्षणी गोठवून ठेवलेली फाइलींची अवस्था, त्या चुकीपासून वाचवते, पण ती मूळ डिस्कवरच असल्याने डिस्कबरोबर तिचाही नाश होतो. बदललेला भाग तेवढाच दुसरीकडे पाठवणारे आरसिंक हे साधन १९९६ पासून उपलब्ध असूनही, ते कोणत्या डिरेक्टरीवर, किती वेळा आणि कोणत्या दूरच्या ड्राइव्हकडे चालवायचे हे मालकालाच ठरवावे लागते. हा निर्णय वैयक्तिक मांडणीशी थेट निगडित आहे. जी माहिती पुन्हा मिळणारच नाही, उदाहरणार्थ कुटुंबाची छायाचित्रे, स्वतःचे लेखन, हिशेब, ती एका फांदीखाली, आणि जी पुन्हा उतरवून घेता येईल ती दुसऱ्या फांदीखाली अशी मांडणी असेल, तर पहिल्या फांदीच्या दोन-तीन प्रती ठेवणे सोपे जाते. दोन्ही एकमेकांत मिसळलेल्या असतील, तर एकतर सगळ्याच्याच प्रती ठेवाव्या लागतात किंवा कशाच्याच राहत नाहीत.

म्हणून अनेक ड्राइव्हवरील वैयक्तिक फाइली लावताना ड्राइव्हच्या आकारापासून सुरुवात करणे हा युनिक्सच्या मूळ निर्णयाचा अपव्यय ठरतो. या परंपरेचा खरा लाभ घ्यायचा तर आधी आपल्या फाइलींचा वृक्ष त्यांच्या अर्थानुसार आणि त्या हरवल्यास होणाऱ्या हानीनुसार आखावा, मग त्याच्या कोणत्या फांद्या कोणत्या ड्राइव्हवर न्यायच्या हे ठरवावे, आणि शेवटी प्रत्येक मौल्यवान फांदीची प्रत दुसऱ्या वस्तूवर, शक्य तर दुसऱ्या घरी, ठेवावी. ड्राइव्ह काही वर्षांनी बदलत राहतील, त्यांचे क्रमांक आणि क्षमताही बदलतील, पण नीट विचार करून दिलेली नावे त्या सर्व बदलांतून टिकू शकतात, आणि कोणती फाइल कोणत्या फाइलीशेजारी असावी हा निर्णय त्या फाइलींचा अर्थ जाणणाऱ्या माणसालाच घ्यावा लागतो.